बोटांवरचा जांभळा डाग

निनहायड्रिनचा डाग साबणानं जात नाही. लिंबू चोळा, राखेनं घासा, तो हलत नाही. कातडीचा वरचा थर झडून नवा येईपर्यंत बोटं जांभळीच राहतात. हे रसायन अमिनो आम्लांना धरतं, आणि ती आपल्या घामात, बोटांच्या टोकांवर कायम असतात. म्हणजे डाग बाहेरून लागला असं वाटलं तरी त्यातला निम्मा माल आपलाच. कागदावरचे बोटांचे ठसे शोधायला पोलीसही हेच वापरतात. सिगफ्रीड रुहेमान यांना 1910 साली केंब्रिजमध्ये ते सापडलं, आणि तेव्हापासून जगभरच्या जीवरसायनाच्या पोरांची बोटं रंगत आली. माझी जळगावात रंगली.

पैशाची देणी आयुष्यात बरीच झाली आणि हप्त्याहप्त्यानं फिटली. एक देणं तसंच राहिलंय, आणि ते फिटावं अशी फारशी घाईही नाही. झाडाचं हिरवं पान दिवसभर नेमकं काय करतं, हे मला ज्यांनी दाखवलं त्यांचं ते देणं.

मी शिंदखेडा तालुक्यातला. धुळे जिल्ह्याचा हा कोरडा कोपरा. पाऊस लांबला की कपाशी गुडघ्याएवढी होते न होते तोच बोंडं धरून मोकळी होते, जणू तिलाही इथं फार दिवस राहायचं नसतं. बारावीनंतर जळगावला आलो. धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत एसटी जळगावात शिरायची तेव्हा अंगावर धुळीचा एक थर बसलेला असायचा. भाडं कमी म्हणून खोली एमआयडीसीच्या बाजूला घेतली. बाहेरच्यांना जळगाव सोन्यासाठी आणि केळीसाठी ठाऊक. माझी त्याच्याशी ओळख झाली ती डाळमिलच्या वासातून. पाणी-तेल लावलेली तूर उन्हात वाळवून भरडतात, तिचा कोंदट, गोडसर वास संध्याकाळी सगळ्या वस्तीवर बसायचा. डाळ म्हणजे प्रथिनं, एवढं तोवर पाठ होतं. त्याच्या मागे जायची गरज कधी पडली नव्हती.

ती गरज कॉलेजातल्या सरांनी पाडली. पहिल्याच तासाला खडू हातात घेऊन त्यांनी विचारलं, "पान काय बनवतं?"

"साखर, सर."

"आणि?"

"ऑक्सिजन."

"आणि?"

वर्ग गप्प. सर म्हणाले, "तुझ्या दंडात मांस आहे ना? ते साखरेचं आहे का? डाळीतून आलं म्हणशील. मग डाळीत कुठून आलं? दुधातून म्हणशील तर म्हशीच्या पोटात काय होतं?" आणि उत्तर न देता त्यांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. हजेरीत माझा नंबर येईपर्यंत मी तो प्रश्न मनात तीनदा उलटासुलटा केला होता.

शाळेच्या पुस्तकातलं ते समीकरण आपण सगळ्यांनीच घोकलंय: कर्बवायू अधिक पाणी, प्रकाश पडला की शर्करा आणि प्राणवायू. ते खोटं नाही, पण अपुरं आहे, आणि इतकं अपुरं की पिढ्यान्‌पिढ्या पोरांच्या डोक्यात पान म्हणजे साखर कारखाना एवढंच बसलं. खरं तर हिरव्या पानाच्या पेशीत सूर्यप्रकाशातून जी ताकद गोळा होते तिचा एक वाटा थेट नत्राच्या कामाला जातो. बर्कलीत मेल्विन केल्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शैवालाला किरणोत्सारी कार्बन देऊन, काही सेकंदांत त्याला गरम अल्कोहोलमध्ये मारून, आतलं सगळं कागदावर पसरून पाहिलं होतं. साखरेकडे जाणारे पदार्थ तर त्यात होतेच, पण मिनिटभराच्या आत अ‍ॅलनिन, अ‍ॅस्पार्टेट, सेरिन हेही तिथं चमकत होते. केल्विनना 1961 साली नोबेल मिळालं ते कार्बनच्या वाटेसाठी. अमिनो आम्लांचे ठिपके त्याच कागदांवर बाजूला होते. सरांचं शिक्षण कोल्हापूरचं. शिवाजी विद्यापीठात प्रा. जी. व्ही. जोशी आणि त्यांचे विद्यार्थी त्या काळी कोकणातल्या खारफुटीच्या पानांवर हेच तंत्र वापरत होते. सरांच्या बोलण्यात त्या प्रयोगशाळेचं नाव आलं की आवाज जरा खाली यायचा, देवळात गेल्यासारखा.

पण पान मला खरं दाखवलं ते नानांनी. नाना आमच्या प्रयोगशाळेचे परिचर. शिक्षण बेताचं, हात मात्र असा की पिपेटनं सोडलेला थेंब ठरल्या जागीच पडणार. सरांनी एक प्रयोग लावला होता. एकाच कपाशीच्या झाडाची दोन पानं, एक पहाटे अंधारात तोडलेलं, दुसरं भर दुपारी. नाना कॉलेजच्या आवारातच राहायचे म्हणून पहाटेचं काम त्यांच्याकडे. पानाचे बारीक तुकडे करून ते नायट्रेट घातलेल्या द्रावणात बुडवायचे, नळीला काळा कागद गुंडाळायचा आणि कोमट पाण्यात अर्धा तास ठेवायचं. मग दोन रसायनं टाकायची. दुपारच्या पानाची नळी बघता बघता गुलाबी झाली, डाळिंबाच्या दाण्याइतकी गडद. पहाटेच्या पानाची जेमतेम गुलाबीसर.

"दिसलं का भाऊ?" नाना म्हणाले. "रातले पान झोपी जास."

झोपतं ते पान नव्हे, पानातलं एक विकर, नायट्रेट रिडक्टेज. मुळांनी जमिनीतून उचललेलं नायट्रेट खोडातून वर पानात येतं. तिथं पेशीद्रवात हे विकर त्याचं नायट्राइट करतं. त्याच्या पोटात मॉलिब्डेनमचा एक अणू लागतो. एकरी काही ग्रॅमच पुरणाऱ्या या धातूवाचून सगळं काम अडतं. आणि अंधार पडला की पेशी काही मिनिटांत त्याला कुलूप लावते, कारण नायट्राइट हे विष आहे आणि पुढची पायरी उजेडावाचून होत नाही. ती पायरी हरितलवकात. तिथं प्रकाशानं हलवलेले सहा इलेक्ट्रॉन फेरेडॉक्सिन नावाच्या छोट्या प्रथिनाच्या हातून नायट्राइटला मिळतात आणि त्याचा अमोनिया होतो. नळीला काळा कागद गुंडाळायचं कारण मला तेव्हा कळलं. उजेड नसला की हरितलवक थांबतं, नायट्राइट तुंबून पानाबाहेर झिरपतं, आणि आपल्याला रंगात दिसतं. पानाला मध्येच अडवून त्याची चोरी पकडायची, असा तो सगळा डाव.

अमोनियाही विषच. तो साठू न देता लगेच कुणाच्या तरी गळ्यात बांधावा लागतो. इथं आमचं पाठ्यपुस्तक एक सांगायचं आणि सर दुसरं. पुस्तकात लिहिलेलं की ग्लुटामेट डिहायड्रोजनेज नावाचं विकर अमोनिया उचलतं. ग्रंथालयाच्या प्रतीत त्या पानाच्या समासात सरांच्या बारीक अक्षरात पेन्सिलीनं लिहिलं होतं, "1974 नंतर हे वाचू नये." खाली बाण काढून दोन नावं: ली, मिफ्लिन. इंग्लंडात रॉथमस्टेडला पीटर ली आणि बेन मिफ्लिन यांनी वाटाण्याच्या हरितलवकात 1974 साली दुसरीच वाट दाखवली होती. जुन्या विकराची अमोनियावरची पकडच सैल. अमोनिया बराच साठेपर्यंत ते हलायचं नाही, आणि तेवढा साठला तर पेशीच मरेल. खरं काम करते ती दोन विकरांची जोडी. पहिलं, ग्लुटामिन सिंथेटेज, एका ग्लुटामेटवर अमोनिया चढवून त्याचा ग्लुटामिन करतं. दुसरं, ग्लुटामेट सिंथेज, त्या ग्लुटामिनवरचा तो जादा अमिनो गट कार्बनच्या एका सांगाड्यावर ठेवतं आणि एकाची दोन ग्लुटामेट होतात. फेरेडॉक्सिनचे इलेक्ट्रॉन इथंही लागतात, म्हणजे इथंही सूर्यच.

एक ग्लुटामेट आत, दोन बाहेर. आजोबांच्या वेळी गावात बियाण्याची ज्वारी उसनी घेतली की सुगीला दिढीनं परत करायची असायची. इथला व्यवहार त्याहून सरळ, एक पायली पेवात परत टाकायची आणि एक खर्चायला मोकळी. पेवातली परत अमोनिया उचलायला उभी राहते. खर्चायची जी असते तिच्यावरचा अमिनो गट इकडून तिकडे फिरतो. ऑक्झॅलोअ‍ॅसिटेटवर बसला की अ‍ॅस्पार्टेट, पायरुव्हेटवर बसला की अ‍ॅलनिन. अ‍ॅस्पार्टेटपासून पुढे लायसिन, थ्रिओनिन, मेथिओनिन. दुसऱ्या एका लांब वाटेनं फेनिलअ‍ॅलनिन, टायरोसिन, ट्रिप्टोफॅन. गंधकाचं काम बहुतेक तिथंच उरकतं आणि सिस्टीन होतं. मातीतलं नायट्रेट, हवेतला कर्बवायू, थोडं सल्फेट, एवढ्यावर पानातली पेशी प्रथिनांना लागणारी वीसच्या वीस अमिनो आम्लं करते. माणसाला त्यातली नऊ स्वतः करता येत नाहीत. ती नऊ मिळतात ताटातून, आणि ताटात शेवटी कुठल्या ना कुठल्या पानातून किंवा शैवालातून, नाहीतर एखाद्या जिवाणूकडून.

हे सगळं सर फळ्यावर काढायचे आणि शेवटी सगळे बाण पुसून फक्त मधलं ग्लुटामेट ठेवायचे. "हा एक माणूस ओळखीचा ठेव. बाकीचे त्याच्या ओळखीनं भेटतील."

खानदेशच्या उन्हात या कामाला आणखी एक ओझं आहे, आणि मला वाटतं सगळ्या कहाणीत हेच सगळ्यात विलक्षण आहे. कर्बवायू धरणारं जे विकर, रुबिस्को, त्याला कर्बवायू आणि ऑक्सिजन यांच्यात नीट फरक करता येत नाही. ऊन वाढलं, पाणी वाचवायला पानानं आपली छिद्रं मिटली की आतला कर्बवायू संपत जातो आणि रुबिस्को ऑक्सिजनच धरू लागतं. त्यातून निघालेला निकामी तुकडा सावरायला पान एक लांबचा फेरा घेतं, ज्याला प्रकाशश्वसन म्हणतात. त्या फेऱ्यात तंतुकणिकेत ग्लायसिनच्या दोन रेणूंतून सेरिनचा एक होतो आणि त्या वेळी अमोनिया सुटतो. थोडाथोडका नव्हे, मुळांनी आणलेल्या नत्राच्या दहापट वेगानंही तो सुटू शकतो. रॉथमस्टेडच्याच मंडळींनी 1978 साली हा हिशोब मांडला. हा सगळा अमोनिया त्याच दोन विकरांनी पुन्हा पकडायचा, नाहीतर पान दुपारपर्यंत कंगाल. सॉमरव्हिल आणि ऑग्रेन यांनी 1980 साली मोहरीच्या कुळातलं एक छोटं रोप दाखवलं, ज्याच्यात ग्लुटामेट सिंथेज बिघडलेलं होतं. कर्बवायू भरपूर असलेल्या पेटीत ते रोप हिरवंगार वाढायचं. साध्या हवेत बाहेर ठेवलं की मरायचं.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांवर जातो. तापीकाठची केळी त्या दुपारी पानं दुमडून उभी असते आणि रस्त्यानं जाणाऱ्याला वाटतं की झाड निवांत आहे. त्या पानाच्या आत त्या वेळी काय धावपळ चाललेली असते, हे कळल्यापासून मी उन्हात केळीच्या बागेजवळून जाताना गाडी हळू करतो. ज्वारी, बाजरी, मका यांनी पानाची रचनाच बदलून हा ताप बराचसा टाळला आहे. कपाशी आणि केळी यांना तो सोसावा लागतो.

आता त्या जांभळ्या डागाचं. एका कोरड्या वर्षी सरांनी मला गावी पाठवलं ते पानं आणायला. आमच्या कोरडवाहू तुकड्यातली कपाशीची पानं आणि शेजारच्या विहिरीच्या पाण्यावरची पानं, दोन्ही वेगवेगळ्या अल्कोहोलच्या बाटल्यांत. एसटीत मांडीवर ती पिशवी धरून आलो, कंडक्टरनं दोनदा विचारलं की दारू आहे का. प्रयोगशाळेत नानांनी व्हॉटमनचा कागद कापून ठेवला होता. तळाशी शिसपेन्सिलीची रेघ, रेघेवर केसाइतक्या बारीक नळीनं अर्काचा ठिपका, पंख्यावर वाळवायचा, पुन्हा त्याच जागी ठिपका, पुन्हा वाळवायचा. हे चिकाटीचं काम नाना स्वतः करायचे, मला फक्त बघू द्यायचे. मग ब्युटॅनॉल, अ‍ॅसेटिक आम्ल आणि पाणी भरलेल्या काचेच्या पेटीत तो कागद रात्रभर टांगायचा. पेटीचं झाकण व्हॅसलिननं बंद केलं तरी सकाळी सगळ्या मजल्यावर आंबट, डोकं जड करणारा वास. कागद वाळवला, निनहायड्रिन फवारलं, भट्टीत ठेवला. फवारताना हातमोजे घालायचे असतात हे मला ठाऊक होतं. हातमोजे कपाटात होते आणि कपाटाची किल्ली कुणाकडे होती ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

भट्टीतून काढलेल्या कागदावर जांभळे ठिपके एकाखाली एक उमटले होते. नाना बोट न लावता दाखवत होते: खाली अ‍ॅस्पार्टेट, त्याच्या वर ग्लुटामेट, मग अ‍ॅलनिन, पार वर ल्युसिन. ही नावं ते त्यांच्या पद्धतीनं उच्चारायचे, पण जागा कधी चुकायचे नाहीत. दोन्ही पानांचे ठिपके साधारण सारखेच. फरक एकाच जागी होता. आमच्या कोरडवाहू पानाच्या ओळीत एक ठिपका पिवळा होता, ठळक. विहिरीच्या पानात तो शोधावा लागत होता.

"प्रोलिन," सर मागून म्हणाले. "तुझ्या रानात पाणी नाही, हे पानानं लिहून पाठवलंय."

पाण्याचा ताण पडला की पान ग्लुटामेटपासून प्रोलिन बनवून साठवतं. ते पेशीत पाणी धरून ठेवायला मदत करतं, प्रथिनांना सांभाळतं, आणि पाऊस आला की पान तेच मोडून पुन्हा वापरतं. बाकीच्या अमिनो आम्लांशी निनहायड्रिनचा रंग जांभळा होतो, प्रोलिनशी पिवळा, कारण प्रोलिनच्या नत्राची बांधणी वेगळी. दुष्काळ मी लहानपणापासून पाहिला होता: टँकरच्या रांगा, विकलेली गुरं, बापाचा न बोलता जेवणारा चेहरा. पण तो असा कागदावर, नाण्याएवढ्या पिवळ्या ठिपक्यात, पहिल्यांदाच पाहिला. बोटं जांभळी घेऊन मी खोलीवर गेलो आणि त्या रात्री जेवताना हात लपवावासा वाटला नाही. डाळमिलचा वास तोच होता. मला मात्र त्यात आता तुरीचं पान दिसत होतं. शेंग भरताना आपलं रुबिस्को मोडून, त्याची अमिनो आम्लं शेंगेकडे पाठवून स्वतः पिवळं पडत जाणारं पान. पानातलं बहुतेक नत्र हरितलवकांतच असतं, आणि दाणा भरायची वेळ आली की झाड ते तिथूनच काढतं. खालची पानं पिवळी झाली की आपण म्हणतो पीक पिकलं.

पुढच्या गोष्टी मामाकडच्या. मामा चोपडा तालुक्यातले, केळीवाले. जुनी बसराई काढून त्यांनी जळगावची टिश्यू कल्चरची रोपं लावली, ग्रँड नैन, ज्याला सगळे जी-नाईन म्हणतात. ही रोपं काचेच्या बाटलीत वाढतात तेव्हा त्यांना सगळं तयार मिळतं: लिटरला 30 ग्रॅम साखर, नायट्रेट, अमोनियम, इतकंच काय, मुराशिगे आणि स्कूग यांच्या 1962 सालच्या मूळ पाककृतीत 2 मिलिग्रॅम ग्लायसिनसुद्धा आहे. बाटलीतून सावलीच्या जाळीखाली आलं की पहिल्या पंधरवड्यात रोपाला नवी पानं काढून स्वतःच्या हातानं रांधायला शिकावं लागतं. मामा म्हणायचे की पोरगी सासरी नांदायला लागली की नाही, ते तिसऱ्या पानावर कळतं. मामांचं म्हणणं शास्त्राला फार सोडून नव्हतं. केळीची अन्नद्रव्यं तपासायला प्रयोगशाळा वरून तिसरंच पान मागतात, त्याच्या मधल्या भागाची पट्टी.

मामांना युरियाचं वेड होतं. केळीला झाडामागे 200 ग्रॅमच्या आसपास नत्र लागतं हे त्यांना पाठ, आणि युरियात 46 टक्के नत्र हेही. पावसाळ्यात आठवडाभर आभाळ भरलेलं असलं तरी हात सैलच. मी त्यांना म्हटलं, "मामा, आता टाकलेला युरिया आठ-पंधरा दिवसांत मातीतले जिवाणू नायट्रेट करतील, पण वर ऊन नाही. पान ते पुढे ढकलू शकत नाही. निम्मं निचऱ्यातून तापीला जाईल." मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग गड्याला हाक मारून पोती परत पडवीत ठेवायला लावली. पुढे ठिबकमधून हप्त्यानं खत सोडायचं तंत्र त्यांनी उचललं, त्यात माझा वाटा नाही; पण ती पोती परत गेली तेव्हा मला गुलाबी नळी आठवत होती, एवढं खरं.

बांधावरच्या हरळीवर मारायला आणलेल्या तणनाशकाची गोष्टही तशीच. ते ग्लायफोसेट. त्याचा तण मारायचा गुण जॉन फ्रान्झ यांनी 1970 साली मोन्सँटोत ओळखला. ते नेमकं कुठं घाव घालतं हे जर्मनीत 1980 साली कळलं. फेनिलअ‍ॅलनिन, टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन जिथून निघतात त्या वाटेवरचं एक विकर ते बंद करतं. म्हणून गवत लगेच जळत नाही. आठ-दहा दिवस हळूहळू पिवळं पडतं. त्याला विष चढत नसतं, त्याची उपासमार होत असते. माणसात ही वाटच नाही. त्यावरून ते आपल्याला निर्धोक, असा अर्थ दुकानदार काढतात. मी काढत नाही, आणि मामांनाही काढू दिला नाही. मामांनी दुसराच मुद्दा काढला: "म्हणजे हरळी बी बिना डाळीची मरे का?" जवळजवळ, मामा.

टायरोसिनवरून एक आठवलं. पाण्याविना खुंटलेल्या कोवळ्या ज्वारीत गुरं सोडायची नाहीत, हे आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक असतं. ज्वारीचं पान टायरोसिनपासूनच धुरिन नावाचा पदार्थ करतं, आणि जनावरानं ते चावलं की त्यातून सायनाइड सुटतं. गावानं हे किती गुरं गमावून शिकलं असेल, त्याची नोंद कुठल्या वहीत नाही.

आजीचं देणं सगळ्यात जुनं आणि ते मी सगळ्यात उशिरा ओळखलं. हिवाळा लागला की ती कळण्याची भाकरी करायची. घरची ज्वारी, त्यात उडीद, मीठ, एकत्र दळलेलं. पीठ जरा चिकट, थापताना हाताला पाणी जास्त लागतं, भाकरी तव्यावर फुगली की कडेला कुरकुरीत होते. सोबत भरीत, ठेचा, कांद्याची पात आणि वरून तेल. मी नुसती ज्वारीची मागितली की म्हणायची, "नुसती भाकर अंगले लागत नई, आंडोर."

एकदा डब्यातली ती भाकरी सरांनी खाल्ली. खाता खाता थांबले. "उडीद किती टाकते रे तुझी आजी?" मला ठाऊक नव्हतं. पुढचा सबंध तास त्यांनी कळण्यावर घेतला, आणि तो मला आजही जसाच्या तसा आठवतो. ज्वारीचं पान लायसिन बनवतं, हवं तेवढं बनवतं. पण दाण्यात साठवायची वेळ आली की ज्वारी मुख्यतः काफिरिन नावाचं प्रथिन साठवते, ज्यात लायसिन जवळजवळ नसतं. म्हणून नुसत्या ज्वारीवर वाढणाऱ्या पोराला प्रथिन मिळूनही पुरत नाही. उडदाचं उलट: लायसिन भरपूर, गंधकवालं मेथिओनिन तोकडं. एकाचं उणं दुसरं भरून काढतं. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात सिंग आणि अ‍ॅक्स्टेल यांनी 1973 साली इथिओपियातल्या ज्वारीत लायसिन जास्त असलेले वाण शोधले होते. जगभर आशा लागली. पण दाणा सुरकुतलेला, उतारा कमी. सर म्हणाले, "तिकडे दाणा बदलायला निघाले. इकडे हिच्या आजीनं पीठ बदललं." वर्गातल्या एका मुलीकडे बघून ते चुकून 'हिच्या' म्हणाले, आणि ती मुलगी पुढे वर्षभर आजीची नात म्हणून ओळखली गेली.

आपल्या आज्यांना सगळं विज्ञान ठाऊक होतं, असं म्हणणाऱ्यांत मी नाही. आजीला लायसिन ठाऊक नव्हतं. उडदाची डाळ घरी भरडली की खाली चुरा उरायचा, तो टाकवायचा नाही, ज्वारीत जायचा, आणि चवीला बरा लागायचा. पण तिचा हात ज्या बाजूला वळला ती बाजू बरोबर होती, आणि तिच्या हातच्या त्या पिठावर माझी हाडं भरली. तिला हे सांगावं म्हणून त्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा तिला ऐकू कमी येत होतं. मी मोठ्यानं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मास्तरनं एवढी खादी, मंग अजून ली जा."

तेव्हापासून नेतोय. आजी गेली, नाना गेले, प्रयोगशाळेत आता कागद टांगत नाहीत. यंत्रात थेंब सोडला की आलेख निघतो आणि बोटं स्वच्छ राहतात. सर निवृत्त होऊन धुळ्याला देवपुरात राहतात. दर हिवाळ्यात कळण्याचं पीठ त्यांच्याकडे पोचवतो. गुरुदक्षिणा म्हणून एकदा शाल नेली होती, तिच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. पीठ मात्र डब्यात ओतून, चिमूट तोंडात टाकून तपासतात. मागच्या खेपेला पीठ पोचवून मी घरी येतो न येतो तोच फोन.

"उडीद कमी पडलाय."

"सर, उडदाचे भाव बघितले का यंदा?"

"भावाचं मला सांगू नकोस. चाराला एक. लिहून घे." मग जरा थांबून, "आणि ऐक, नातवाच्या शाळेत प्रदर्शन आहे. त्याला ती गुलाबी नळी दाखवायचीय. रसायनं मी आणवलीत. मागच्या अंगणात कपाशीचं एक झाड आहे. दुपारचं पान तो तोडेल. पहाटेचं कोण तोडणार? माझे गुडघे चालत नाहीत आणि हा सातच्या आधी उठत नाही. शनिवारी मुक्कामाला ये."

"येतो सर."

"चारला उठावं लागेल. आणि बॅटरी लावायची नाही, अंधारातच तोडायचं."